विद्युतचुंबकत्वाचा शोध आणि त्यामागचे शास्त्रज्ञ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्युतचुंबकत्वाचा शोध म्हणजे नेमका कशाचा शोध?

तारेतून विद्युतधारा वाहत असताना त्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, ही गोष्ट १८२० साली कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी दाखवून दिली. आणि तारेच्या वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर त्या वेटोळ्यात विद्युतधारा उत्पन्न होते, ही तिची दुसरी बाजू १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी उजेडात आणली. या दोन वर्षांच्या मध्ये पॅरिस, जिनिव्हा, जर्मनीतील हाल, लंडन आणि अमेरिकेतील ऑल्बनी अशा अनेक ठिकाणच्या लोकांचे काम आहे, आणि नंतरच्या चाळीस वर्षांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ते सारे गणितात बांधले. ‘हा शोध कोणी लावला’ याचे एका शब्दात उत्तर हवे असेल तर ते ओर्स्टेड हेच आहे, पण ते परीक्षेतल्या रिकाम्या जागेपुरतेच पुरेसे आहे.

खालील उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटेल. साधने हाताशी होती आणि वीज व चुंबक यांच्यात संबंध असावा अशी शंकाही अनेकांना होती. चुकत होता तो होकायंत्राची सुई कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्षणी हलेल याचा अंदाज.

१८२० पूर्वी वीज आणि चुंबक यांचा संबंध कोणालाच ठाऊक नव्हता का?

खुणा दिसत होत्या. वीज पडलेल्या जहाजांवरचे होकायंत्र उलटे फिरल्याच्या हकिकती खलाशी सांगत असत. इंग्लंडमधील वेकफिल्ड येथे एका व्यापाऱ्याच्या घरावर वीज पडली आणि पेटीतल्या सुऱ्या-काट्यांमध्ये चुंबकत्व आले, अशी नोंद १७३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी विद्युतभार साठवणाऱ्या लायडेन बरणीतला भार शिवणकामाच्या सुईतून सोडून तिला चुंबक बनवले होते.

विद्वानांचे मत मात्र उलट दिशेला झुकलेले होते. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अंबराची ओढ आणि चुंबकाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे काळजीपूर्वक वेगळे करून दाखवले होते, आणि त्या काळात तो गोंधळ निस्तरणे ही मोठीच कामगिरी होती. (अंबराला आपल्याकडे तृणमणी म्हणतात, म्हणजे गवताच्या काड्या ओढून घेणारा मणी, त्याचा विद्युतगुण आपल्या शब्दातच साठवलेला आहे.) पुढे १७८५च्या सुमारास शार्ल ओग्युस्तँ कुलोम यांनी पिळाच्या तराजूने विद्युतबल आणि चुंबकीय बल यांची मोजमापे केली आणि दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात असे दाखवले, तरी हे दोन निराळे द्रव असून एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, असेच त्यांचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये कुलोम यांच्या शब्दाला इतके वजन होते की संबंध शोधायला जाणे म्हणजे वेळ दवडणे, अशी समजूत तिथे रुजली.

ओर्स्टेड यांनी नेमका कोणता प्रयोग केला?

१८२०च्या वसंतात ओर्स्टेड कोपनहेगन विद्यापीठात प्रगत विद्यार्थ्यांना व्याख्याने देत होते. एका संध्याकाळच्या व्याख्यानात त्यांनी विद्युतघटमालेला (म्हणजे बॅटरीला) बारीक प्लॅटिनमची तार जोडली आणि ती काचेखालच्या चुंबकसूचीवरून, म्हणजे होकायंत्राच्या सुईवरून, नेली. मंडल (सर्किट) पूर्ण होताच सुई किंचित हलली. हालचाल इतकी लहान आणि अनियमित होती की श्रोत्यांवर तिचा फारसा परिणाम झाला नाही, आणि खुद्द ओर्स्टेड यांनीही जुलैपर्यंत तो विषय बाजूला ठेवला.

जुलैमध्ये त्यांनी अधिक जोरदार साधन जुळवले. तांब्याच्या वीस आयताकृती पेट्या, प्रत्येकीत एक जस्ताचा पत्रा, आणि त्यात थोडे गंधकाम्ल व नत्राम्ल मिसळलेले पाणी, अशी ती घटमाला होती. त्यानंतरच्या प्रयोगांत त्यांची खरी पद्धत दिसते. तार सुईच्या वर, उत्तर-दक्षिण दिशेने, सुईला समांतर धरली की सुई एका बाजूला वळते. तीच तार सुईखाली धरली की ती विरुद्ध बाजूला वळते. धारेची दिशा उलटली की वळण्याची दिशाही उलटते. तार आणि सुई यांच्यामध्ये काच, लाकूड, धातूचा पत्रा, राळ, मातीचे भांडे, दगड, पाणी असे काहीही ठेवले तरी परिणाम थांबत नाही. पितळेची, काचेची किंवा लाखेची सुई टांगली तर ती मुळीच हलत नाही. वर आणि खाली उलट परिणाम होतो म्हणजे ही क्रिया तारेच्या लांबीच्या दिशेने नसून तारेभोवती वर्तुळात फिरणारी असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे सारे त्यांनी चार पानांच्या लॅटिन निबंधात मांडले आणि २१ जुलै १८२० रोजी तो छापून युरोपभरच्या संस्थांना आणि शास्त्रज्ञांना पाठवला. त्यात एकही सूत्र नाही आणि एकही आकृती नाही. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले.

हा शोध अपघाताने लागला असे सांगतात. ते खरे आहे का?

अर्धेच. व्याख्यानाच्या वेळी सुई टेबलावर सहज पडून होती आणि नजर गेली म्हणून शोध लागला, अशी जी गोष्ट सांगितली जाते तिचा मोठा आधार म्हणजे नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टोफर हान्स्टीन यांनी १८५७ साली, म्हणजे ३७ वर्षांनी, फॅरेडे यांना लिहिलेले पत्र. तोवर ओर्स्टेड यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. उलट १८१२ साली बर्लिनमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात ओर्स्टेड यांनीच विजेचा चुंबकावर परिणाम होतो का, हे पाहायला हवे, असे लिहून ठेवले होते. निसर्गातील सर्व बले मुळात एकच आहेत या जर्मन तत्त्वचिंतनाचा त्यांच्यावर तरुणपणीच पगडा बसला होता. ज्या तत्त्वज्ञानाकडे पॅरिसचे गणिती कुत्सितपणे पाहत, त्याच तत्त्वज्ञानाने त्यांना हा प्रश्न विचारायला लावला. त्या संध्याकाळी प्रयोग करण्याचा विचार ऐनवेळचा असेल, पण शोध कित्येक वर्षे मनात घोळत होता.

‘निरीक्षणाच्या क्षेत्रात दैव केवळ सज्ज मनालाच साथ देते’ हे लुई पाश्चर यांचे वाक्य सर्वत्र उद्धृत केले जाते, परंतु १८५४ साली ते ओर्स्टेड यांच्या याच शोधाविषयी बोलताना उच्चारले गेले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

व्होल्टा यांची विद्युतघटमाला १८०० सालची. मग मधली वीस वर्षे का गेली?

आमच्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर साधनांच्या अभावात सापडत नाही. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी मार्च १८०० मध्ये रॉयल सोसायटीला पत्र पाठवून आपल्या घटमालेची माहिती दिली आणि काही महिन्यांतच युरोपातील प्रयोगशाळांत तशा माला उभ्या राहिल्या. होकायंत्र तर प्रत्येक बंदरात मिळत होते. तार, घट आणि सुई या तिन्ही वस्तू एकाच टेबलावर वीस वर्षे पडून होत्या, असे म्हटले तरी चालेल.

पहिली अडचण अशी की घटमालेला दोन ध्रुव आहेत आणि चुंबकालाही दोन ध्रुव आहेत, या साम्याने लोक फसले. फ्रान्समध्ये अशेत आणि देझोर्म यांनी १८०५ साली एक मोठी घटमाला लाकडी होडीवर ठेवून पाण्यात तरंगवली आणि ती होकायंत्रासारखी उत्तर-दक्षिण वळते का, याची वाट पाहिली. ती वळली नाही. मंडल उघडेच असल्याने विद्युतधारा वाहतच नव्हती, आणि परिणाम तर धारेचा आहे, नुसत्या ध्रुवांचा नाही.

दुसरी अडचण अधिक खोल होती. न्यूटन यांच्यापासून सर्वांना परिचित असलेली बले, मग ती गुरुत्वाकर्षणाची असोत वा विद्युतभारांची, दोन वस्तूंना जोडणाऱ्या सरळ रेषेत ओढतात किंवा ढकलतात. त्यामुळे तारेचा परिणाम झालाच तर सुई तारेकडे ओढली जाईल, अशी सर्वांची अपेक्षा होती, आणि ती तपासण्यासाठी तार सुईला काटकोनात, म्हणजे पूर्व-पश्चिम, धरणे स्वाभाविक होते. नेमक्या याच मांडणीत सुई बाजूला वळत नाही. कारण तारेचे चुंबकीय क्षेत्र तेव्हा सुईच्याच रेषेत येते. तार सुईला समांतर धरावी आणि सुई तिच्यापासून आडवी फिरावी, हे निसर्गाचे वागणे त्या काळच्या यंत्रशास्त्राच्या बाहेरचे होते.

ओर्स्टेड यांच्याआधी इटलीतील रोमान्योसी यांनी हाच शोध लावला होता का?

जियान दोमेनिको रोमान्योसी हे कायदेपंडित होते आणि १८०२ साली त्रेंतो येथील वृत्तपत्रात त्यांच्या एका प्रयोगाचे वर्णन छापले गेले. त्यात घटमाला आहे आणि चुंबकसूचीही आहे, म्हणून हा दावा अधूनमधून डोके वर काढतो. परंतु त्या वर्णनात मंडल पूर्ण झाल्याचे दिसत नाही, त्यामुळे सुई हलली ती साध्या विद्युतभाराच्या ओढीने हलली असावी, असे मानणेच योग्य ठरते.

अँपिअर यांनी यात काय भर घातली?

ओर्स्टेड यांच्या निबंधाची बातमी फ्रान्स्वा अरागो यांनी जिनिव्हाहून आणली. ४ सप्टेंबर १८२० रोजी त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला ती सांगितली तेव्हा बऱ्याच सभासदांचा विश्वास बसला नाही, म्हणून ११ तारखेला त्यांनी प्रयोग करून दाखवला. श्रोत्यांत आंद्रे-मारी अँपिअर बसलेले होते. ते गणिताचे प्राध्यापक, वय ४५, वडील फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेलेले, पहिली पत्नी तरुणपणीच वारलेली, आणि शिक्षण बरेचसे घरीच, पुस्तके वाचून झालेले. एका आठवड्यात, १८ सप्टेंबरला, त्यांनी आपला पहिला निबंध वाचला आणि २५ तारखेला असे काही दाखवले की ज्यात चुंबक कुठेच नव्हता. दोन समांतर तारांतून एकाच दिशेने धारा सोडली की तारा एकमेकींना ओढतात, आणि विरुद्ध दिशांनी सोडली की दूर ढकलतात.

यात नवीन काय, दोन्ही तारा चुंबकावर परिणाम करतात म्हणजे एकमेकींवरही करणारच, असा आक्षेप कोणीतरी घेतला. तेव्हा अरागो यांनी खिशातून दोन किल्ल्या काढल्या आणि या दोन्ही किल्ल्या चुंबकाला ओढतात, मग त्या एकमेकींना का ओढत नाहीत, असे विचारले, अशी आठवण सांगितली जाते.

अँपिअर यांचे धाडस पुढेच आहे. चुंबकत्व ही स्वतंत्र गोष्टच नाही, चुंबकाच्या आत असंख्य सूक्ष्म विद्युतधारा वर्तुळात फिरत असतात आणि त्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे चुंबकत्व, असे त्यांनी मांडले. या धारा मोठ्या वर्तुळांत फिरत असत्या तर चुंबक तापला असता, तेव्हा त्या प्रत्येक कणाभोवती मानाव्यात, ही सुधारणा त्यांचे मित्र ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी सुचवली. इलेक्ट्रॉन हा शब्दही नसलेल्या काळातली ही कल्पना आहे. या अभ्यासाला ‘विद्युतगतिकी’ हे नाव त्यांनीच दिले. सुई कोणत्या बाजूला वळेल हे लक्षात ठेवण्याची त्यांची युक्तीही मजेदार आहे: तारेवर एक माणूस झोपला आहे, धारा त्याच्या पायांकडून डोक्याकडे जाते आणि त्याचे तोंड सुईकडे आहे, असे समजा, मग सुईचा उत्तर ध्रुव त्याच्या डाव्या हाताकडे वळतो.

विद्युतधारेच्या एककाला त्यांचे नाव आहेच. एक मीटर अंतरावरील दोन समांतर तारांमधील बलावरून त्या एककाची केलेली व्याख्या २० मे २०१९ पर्यंत चालू होती. म्हणजे सप्टेंबर १८२० मधला तो प्रयोगच मोजमापाचा पाया होता. आता ते एकक इलेक्ट्रॉनवरील विद्युतभाराच्या ठरवलेल्या मूल्यावरून काढतात.

त्या काही महिन्यांत आणखी कोणी काय केले?

फारच थोड्या वेळात बरेच काही झाले. हाल येथील योहान श्वायगर यांनी सुईभोवती तारेचे अनेक वेढे देऊन परिणाम वाढवला, आणि तेथूनच विद्युतधारा ओळखणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा जन्म झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस बियो आणि सावार यांनी सरळ तारेपासून दूर जाताना चुंबकीय बल कसे कमी होते, याचा नियम मांडला. अरागो यांना धारा वाहणाऱ्या तारेला लोखंडाचा कीस चिकटलेला दिसला आणि वेटोळ्यात ठेवलेली पोलादी सुई चुंबक बनवता आली.

पहिला विद्युतचुंबक कोणाचा?

इंग्लंडचे विल्यम स्टर्जन यांचा. चांभाराकडे उमेदवारी केलेल्या आणि नंतर सैन्यात भरती झालेल्या या स्वयंशिक्षित माणसाने १८२५ साली घोड्याच्या नालेच्या आकाराच्या लोखंडाला रोगण लावून त्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळली. सुमारे २०० ग्रॅम लोखंडाने ४ किलो वजन उचलले. ऑल्बनीतील शिक्षक जोसेफ हेन्री यांनी लोखंडाऐवजी तारेलाच रेशमाचे वेष्टण दिले. एवढ्या बदलाने वेढे एकावर एक देणे शक्य झाले आणि १८३१ साली येल विद्यापीठासाठी त्यांनी बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोंहून अधिक वजन तोलून धरले. मोटार रिवाइंडिंग करणारे कारागीर आज वार्निश चढवलेली तार वापरतात, त्यामागचा विचार हाच आहे.

फॅरेडे यांनी दुसऱ्याची कल्पना चोरली, असा आरोप झाला होता का?

झाला होता. लोहाराचा मुलगा असलेले फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकले, आणि १८१३ साली हम्फ्री डेव्ही यांचे सहायक म्हणून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. सप्टेंबर १८२१ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा करून त्याभोवती विद्युतधारा वाहणारी तार सतत फिरती ठेवली. विद्युत चलित्राचे, म्हणजे मोटारीचे, हे पहिले रूप. परंतु धारेमुळे तार स्वतःभोवती फिरावी, असा विचार विल्यम वोलास्टन यांनी आधी बोलून दाखवला होता आणि डेव्ही यांच्याबरोबर त्याचा प्रयत्नही केला होता. फॅरेडे यांनी घाईने निबंध छापला आणि त्यात वोलास्टन यांचा उल्लेख केला नाही.

वोलास्टन यांना स्वतःच्या अक्षावर फिरणारी तार अपेक्षित होती, तर फॅरेडे यांची तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालत होती; प्रयोग वेगळा आहे, तेव्हा चोरी म्हणता येत नाही. उल्लेख टाळणे मात्र चुकलेच, आणि त्याची बोच फॅरेडे यांना दीर्घकाळ राहिली. १८२४ साली रॉयल सोसायटीवर त्यांची निवड झाली तेव्हा खुद्द डेव्ही यांनी विरोध केला होता.

विजेपासून चुंबक मिळाला. मग चुंबकापासून वीज मिळायला ११ वर्षे का लागली?

कारण पुन्हा अपेक्षाच आडवी आली. स्थिर धारेपासून स्थिर चुंबकत्व मिळते, म्हणून स्थिर चुंबकापासूनही स्थिर धारा मिळेल, असे सर्वांनी धरून चालवले. अँपिअर यांनी १८२२ साली जिनिव्हात एका वेटोळ्यात टांगलेले तांब्याचे कडे चुंबक जवळ आणताच हललेले पाहिले होते, पण आपल्या सिद्धान्ताच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही असे समजून सोडून दिले. सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट झां-दानिएल कोलादों यांची आहे. चुंबकाचा थेट परिणाम गॅल्व्हानोमीटरवर होऊ नये म्हणून त्यांनी १८२५ साली लांब तारा ओढून तो शेजारच्या खोलीत ठेवला. ते एका खोलीत वेटोळ्यात चुंबक सरकवत आणि मग चालत दुसऱ्या खोलीत जाऊन सुई पाहत. सुई तोवर शून्यावर परतलेली असे. मदतीला एक माणूस असता तर आज पाठ्यपुस्तकात कदाचित त्यांचे नाव असते.

फॅरेडे यांनीही १८२५ साली प्रयत्न करून ‘परिणाम नाही’ अशी नोंद केली होती. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी मऊ लोखंडाचे सहा इंच व्यासाचे कडे घेतले, त्याच्या दोन बाजूंना सूत आणि कापडाने वेगळ्या ठेवलेल्या तारांची दोन वेटोळी गुंडाळली, आणि दुसऱ्या वेटोळ्याची तार तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून नेली. पहिल्या वेटोळ्याला घटमाला जोडताच सुई थरथरली आणि मूळ जागी आली. जोडणी तोडली तेव्हा पुन्हा थरथरली. मधल्या काळात, धारा अखंड वाहत असताना, काहीच नाही. परिणाम क्षेत्राचा नसून क्षेत्राच्या बदलाचा आहे, हे ओळखायला त्यांना काही आठवडे लागले. १७ ऑक्टोबरला त्यांनी केवळ चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करून धारा मिळवली आणि २८ तारखेला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून अखंड धारा मिळवली. चौकातल्या ज्या डीपीला आपण शिव्या घालतो तिच्यातले रोहित्र हे त्या कड्याचे वंशज आहे, आणि वीजकेंद्रातील जनित्र त्या चकतीचे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, ते या चकतीनंतर ८४ वर्षांनी.

प्रवर्तनाचा, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज मिळवण्याच्या शोधाचा, मान फॅरेडे यांचा की हेन्री यांचा?

फॅरेडे यांनी नोव्हेंबर १८३१ मध्ये निबंध वाचला आणि हेन्री यांचा लेख जुलै १८३२ मध्ये आला, त्यामुळे मान फॅरेडे यांना मिळतो. दोघांचे काम परस्परांपासून स्वतंत्र होते. वेटोळे स्वतःच्याच धारेतील बदलाला विरोध करते, हा स्वयंप्रवर्तनाचा गुण मात्र हेन्री यांनी आधी प्रसिद्ध केला, आणि त्या गुणाच्या एककाला त्यांचेच नाव आहे.

विजेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मंत्र्याला फॅरेडे ‘एक दिवस तुम्ही यावर कर लावाल’ असे खरेच म्हणाले होते का?

गोष्ट झकास आहे, पण फॅरेडे यांच्या हयातीतल्या कागदपत्रांत तिचा आधार मिळत नाही.

फॅरेडे यांना गणित येत नव्हते, मग मॅक्सवेल यांनी त्यांच्या कामातून समीकरणे कशी काढली?

फॅरेडे यांना बीजगणिताची चिन्हे परकी होती हे खरे, तथापि चुंबकाभोवती लोखंडाच्या किसाने उमटणाऱ्या रेषा त्यांना अवकाशात प्रत्यक्ष ताणलेल्या दिसत, आणि किती रेषा कापल्या गेल्या यावरून ते प्रवर्तनाचा हिशोब मांडत. त्यांची पद्धतच मुळात गणिती आहे, फक्त ती रूढ चिन्हांत लिहिलेली नाही, असे मॅक्सवेल यांनी स्वतः नमूद केले आहे. १८५५ ते १८६५ या काळातील तीन निबंधांत त्यांनी त्या बलरेषांना समीकरणांचे रूप दिले.

त्यातून निघालेले फळ अनपेक्षित होते. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतील बदल लाटेच्या रूपाने पुढे सरकले पाहिजेत, आणि त्या लाटेचा वेग वेबर व कोलराउश यांच्या निव्वळ विद्युत मोजमापांवरून सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर येत होता. फिझो यांनी दातेरी चाकाने मोजलेला प्रकाशाचा वेग मॅक्सवेल यांनी ३,१४,८५८ किलोमीटर असा घेतला होता. दोन्ही आकडे आजच्या मूल्यापेक्षा, म्हणजे २,९९,७९२ पेक्षा, थोडे अधिक आहेत, पण त्यांची जवळीक पाहून प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाटच आहे असे मॅक्सवेल यांनी म्हटले. समीकरणांची आजची चार ओळींची आटोपशीर मांडणी ऑलिव्हर हेविसाइड यांची आहे. मॅक्सवेल १८७९ साली वयाच्या ४८व्या वर्षी वारले. त्यांच्या लाटा कार्ल्सरुह येथे हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात प्रयोगशाळेत निर्माण केल्या आणि ओळखल्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास काही मिलिमीटर लांबीच्या अतिलघु लाटांपर्यंत मजल मारली.

ओर्स्टेड यांनी यानंतर काय केले?

१८२५ साली त्यांनी ॲल्युमिनियम प्रथम वेगळे केले, १८२९ साली कोपनहेगनचे तंत्रशिक्षण विद्यालय स्थापले, आणि डॅनिश भाषेला विज्ञानाचे शब्द घडवून दिले. ऑक्सिजनसाठी ‘इल्ट’ आणि हायड्रोजनसाठी ‘ब्रिंट’ हे त्यांचे शब्द डेन्मार्कमध्ये आजही रोजच्या वापरात आहेत. आपल्याकडे प्राणवायू टिकला आणि उद्जन कोशात गेला, हे आठवले की त्यांचे यश अधिकच जाणवते.

ओर्स्टेड यांचा प्रयोग घरी करता येईल का?

पेन्सिल सेल, वेष्टण असलेली तांब्याची तार आणि साधे होकायंत्र एवढे पुरते. लोखंडी टेबल टाळावे, तार सुईच्या वर उत्तर-दक्षिण धरावी आणि तिची टोके सेलला क्षणभरच टेकवावीत, कारण तार आणि सेल लगेच तापतात. तारेतून २ अँपिअर धारा जात असेल आणि सुई १ सेंटिमीटर खाली असेल, तर तेथे तारेचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) भरते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग महाराष्ट्रात ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. दोघांची ओढ जवळजवळ सारखी, म्हणून सुई सुमारे ४५ अंशांत वळून थांबते. मंडलात टॉर्चचा लहान दिवा जोडला तर धारा उतरते आणि सुई जेमतेम दहा अंश सरकते. भिंतीतील विजेवर हा प्रयोग कधीही करू नये.

मग घरातल्या वायरीजवळ होकायंत्र धरले तर सुई का हलत नाही?

दोन कारणे आहेत. घरातील धारा सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि जड सुईला तितक्या वेगाने मागे-पुढे होता येत नाही. शिवाय फेज आणि न्यूट्रल या दोन वायरी शेजारी-शेजारी असतात, त्यांतील धारा कोणत्याही क्षणी समान आणि विरुद्ध असतात, त्यामुळे त्यांची क्षेत्रे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. क्लॅम्प मीटर वापरणारा वायरमन एकाच वायरीला चिमटा लावतो तो यासाठीच. दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर काटा शून्य दाखवतो.

या शोधाचा महाराष्ट्राशी काही प्रत्यक्ष संबंध आहे का?

आहे, आणि तो मुंबईच्या ट्रामशी निगडित आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. तरुण वयात गणितज्ञ केरूनाना छत्रे याच वेधशाळेत काम करत होते. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात तेथील उपकरणांनी क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली, आणि ती नोंद आज जगभरचे अभ्यासक वापरतात.

पुढे घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामची धारा एकदिश असते. ती वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परतते, काही भाग जमिनीतही झिरपतो. घरातल्या वायरींप्रमाणे येथे जाण्याचा आणि येण्याचा मार्ग शेजारी नसल्याने क्षेत्रे पुसली जात नाहीत. ओर्स्टेड यांच्या सुईला जे झाले तेच कुलाब्याच्या सुयांना अहोरात्र होणार होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ही अडचण ओळखून चुंबकीय नोंदींचे काम खाडीपलीकडे अलिबागला हलवले. तेथील इमारती लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेले साहित्य निवडून बांधल्या गेल्या आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालू ठेवली गेली, आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली तेव्हा कुलाब्याच्या सुया मोकळ्या झाल्या होत्या. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.